चौदा नंबर

मेन स्विच खाली ओढला, कुलूप घातलं,
किल्ली माझ्याच खिशात.
तरी लगेच हात घालायचा नसतो.
दारावर लिहिलंय : पाच मिनिटं थांबा.
वीज तोडली तरी कपाटाच्या पोटात ती रेंगाळते,
निघते निघते म्हणत उंबऱ्यातच
बोलत उभ्या राहिलेल्या पाहुणीसारखी.

ती पाच मिनिटं वॉबे मोजतो. मनातल्या मनात, घड्याळाशिवाय.
एकतीस वर्षं हे पंपघर त्यानं कानांनी चालवलंय.
इथली कुरणं समुद्राच्या दीड मीटर खाली,
फ्रीसलंडची गाय चरते तीसुद्धा
या दोन मोटारींच्या भरवशावर.
आता पाणीमंडळाला मोटारींचे फेरे
लेवार्डनच्या कचेरीत बसून बघायचेत.
म्हणून हे कार्ड : तळहाताएवढं, हिरवं, चंदेरी पिशवीतलं.

मनगटाला पट्टा, पट्ट्याची तार जमिनीला.
‘बांधून घातलंय तुला, बाउक्ये,’ वॉबे हसतो.
हसू दे. लोकरी स्वेटरमधली एक ठिणगी,
मला कळणारही नाही, आणि कार्ड मेलेलं असेल.

खाचेत सरकवलं.
जोर करायचा नाही, भीडही धरायची नाही.
टक्. हे आधी बोटांना ऐकू येतं.
दोन स्क्रू बसले; तिसरा निसटला,
जाळीतून थेट कालव्यात.
वॉबेनं पेपरमिंटच्या डबीतून दुसरा काढून दिला.
थोडा लांब होता. चालला.

मग तांदळाच्या दाण्याएवढे आठ स्विच.
दोन वर, चार वर, आठ वर.
बेरीज चौदा. नकाशात चौदा रिकामा होता.

वीज दिली.
हिरवा. हिरवा.
मग लाल, लुकलुकत.
एका नंबरावर दोन बिऱ्हाडं.

कार्डाची केबल उपटली, लॅपटॉपवरून हाक मारली :
चौदा?
आणि चौदानं ओ दिली.

वॉबे काही बोलला नाही. टॉर्च घेतला.
केबलच्या मागे मागे आम्ही
जुन्या इंजिनाच्या चौथऱ्याला वळसा घालून,
लोखंडी झाकण उचलून, अकरा पायऱ्या खाली,
ग्रीस आणि ईल माशांच्या वासात.
भिंतीवर करडा डबा. झाकणावर मार्करनं :
सीब्रेन. हात लावू नका.
खाली विहिरीत एक तरंगता गोळा,
पाण्याबरोबर वर, पाण्याबरोबर खाली.

पॅनेल बदललं तेव्हा विचारणारा गेला,
सांगणारा तिथंच राहिला.
विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्याचा नियम.
एकोणीस वर्षं कुणी विचारलं नाही.

‘नकाशा काढायचा आळस,’ वॉबे म्हणाला,
‘लग्नाची तारीखसुद्धा टूलबॉक्सवर लिहून ठेवलेली.’
मग खिशातली टेप सोडली पाण्यात,
ओला आकडा टॉर्चखाली धरला.
मी वर जाऊन स्क्रीन वाचला, ओरडून सांगितला.
एका सेंटीमीटरचा फरक.
‘टेप ताणलीय माझी,’ तो खालून म्हणाला.

माझ्या कार्डाचा एक स्विच आणखी वर केला. पंधरा.
लाल गेला.
पंप सुरू, आणि पडद्यावर वेग : बारा हजार आठशे.
‘एवढ्यात तर इंग्लंडपर्यंतचा समुद्र उपसून होईल!’
काही नाही, आकड्याचे दोन तुकडे
उलट्या क्रमानं येत होते, पुढचा मागे, मागचा पुढे.
सेटिंगमधली एक खूण बदलली. पन्नास.
वॉबेनं तोवर मोटारीवर पंजा टेकवून ठेवलेला.
‘पन्नास,’ माझ्याआधीच म्हणाला.

फॉर्मवर लिहिलं : ठरलेले तास दोन, लागलेले सव्वापाच.
कारणाच्या रकान्यात तीसच अक्षरं मावतात.
वापरलेलं सामान : कार्ड एक, स्क्रू एक (वॉबेचा).

निघताना तो दारात अडून उभा.
‘चौदाला आता यादीत घेतलंस ना?’
घेतलं.
‘म्हणजे विचारणार त्याला. कधी कधी तरी.’
दर दोन सेकंदांनी, मी म्हटलं.
त्याच्या हातातला टॉर्च अजून चालूच होता,
भर दुपारी.